मामींनी ऐकलेलं मशीन

कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण बुटांच्या त्या कारखान्यात चामडं शिवणारी मशिनं ओळीनं धडधडत असली की हा फिटर दारात उभा राहायचा, मान जरा तिरकी करायचा आणि सांगायचा, खिडकीजवळच्या मशीनला तेल द्या, कोपऱ्यातल्याची सुई वाकलीय, मोडायच्या आत बदला. नवे कामगार हसायचे. मग उठून बघायचे, आणि त्यांचं हसू जिरायचं.

ज्या आवाजानं पोट भरलं त्याच आवाजानं हळूहळू कान खाल्ले. आधी दाराची घंटा ऐकू येईना, मग बायकोचं बोलणं, मग मशिनंही लांब गेल्यासारखी वाटायला लागली. निवृत्तीची वेळ झालीच होती, म्हणून अब्रू राहिली. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यातून नुसता भांडी आपटल्याचा कालवा ऐकू यायचा. चार दिवसांत ते कपाटात गेलं. समोर बसून, तोंड नीट दिसेल असं सावकाश बोललं तर त्यांना बरंचसं कळायचं. पण एवढा वेळ कुणाला असतो?

त्यांच्या बायकोला अख्खी गल्ली मामी म्हणायची. मामींनी सुरुवातीला ओरडून पाहिलं. पण ओरडून सांगितलेली साधी गोष्टही भांडणासारखी वाटते, आणि शेजारचे खिडकीतून डोकावतात. मग त्यांनी खुणा सुरू केल्या. हाताचा कप केला की चहा, बोटं तोंडाशी नेली की जेवण, खिडकीकडे हात केला की वाळलेले कपडे आत घ्या. सगळा संसार हातवाऱ्यांवर आला होता. कशाचं अडत नव्हतं, पण घरात गप्पा अशा उरल्या नव्हत्या. कानसेन दिवसभर पुढच्या खोलीत खुर्ची टाकून रस्त्यावरची मुकी रहदारी बघत बसायचे.

अशात एके दिवशी दारात टेम्पो थांबला. त्यातून त्यांची भाची उतरली आणि मागून चार हमालांनी एक मशीन उतरवलं. ही भाची चामड्याचं काम करायची. वायरमन लोकांचे अवजारांचे पट्टे, पिशव्या, पाकिटं, सगळं दोन सुया आणि आरी घेऊन हातानं शिवायची. काम देखणं होतं, पण मनगट धरायला लागलं होतं. बंद पडलेल्या एका चपलांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिला हे मशीन सापडलं होतं. चांगलं जाडजूड, ओतीव लोखंडाचं, हत्तीच्या सोंडेसारखा पुढे आलेला हात असलेलं. चाक मात्र जागचं हलत नव्हतं.

कानसेनांनी खुर्चीतूनच हात झटकला. बहिऱ्या माणसाला मशीन दाखवणं म्हणजे आंधळ्याला आरसा दाखवण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. भाची काही वाद घालत बसली नाही. आजच्या दिवस राहू द्या, भंगारवाल्याला निरोप देते, एवढं सांगून ती गेली. मामाचा स्वभाव तिला ठाऊक नव्हता असं नाही.

संध्याकाळपर्यंत कानसेनांनी मशीनकडे पाठ फिरवून ठेवली. मग पाणी प्यायला म्हणून उठले आणि जाता जाता वाकून बघितलं. कुणीतरी मशीन नवं दिसावं म्हणून वरपासून खालपर्यंत हिरवा रंग फासला होता, आणि त्या नादात तेल घालायची भोकं बुजवून टाकली होती. एक नाही, सगळी. कानसेनांचं डोकं फिरलं. मामी बाहेर आल्या तेव्हा ते दाभण घेऊन एक भोक मोकळं करत होते आणि रंग देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. मामींनी भाचीला फोन करून भंगारवाल्याचा निरोप रद्द करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून पुढच्या खोलीत रॉकेलचा वास सुटला. भोकं उघडी झाली. प्रत्येक सांध्यात तेल सोडून कानसेन थांबायचे, मग चाक धरून केसाएवढं पुढे, केसाएवढं मागे करायचे. घाई केली तर लोखंड रुसतं, हे त्यांना माहीत होतं. एका सकाळी चाकानं आळोखेपिळोखे दिल्यासारखं केलं आणि अर्धा फेरा मारला. मग एकेक भाग सुटत गेला. बॉबिनच्या घरातून जुन्या दोऱ्याची घट्ट गाठ निघाली. गंजलेले स्क्रू घासून जुन्या ताटलीत मांडले गेले. मामी त्या ताटलीला वळसा घालून जायच्या, आणि केरसुणी त्या बाजूला फिरकायची नाही. नवा पट्टा आला, मोटर बसली, सुई लागली. भाची चामड्याचे तुकडे घेऊन आली.

पातळ चामड्यावर मशीन सुरेख चाललं. पण दुहेरी जाड चामडं घातलं की टाके सुटायचे. चार नीट पडायचे, पाचवा गायब. कानसेनांनी सुई बदलली, दोऱ्याचा ताण बदलला, सुई आणि खालून दोरा पकडणाऱ्या आकड्याचा मेळ पुन्हा जुळवला. टाके सुटतच राहिले. पूर्वी त्यांनी एकदा कान दिला असता आणि दोष कुठे आहे ते सांगून मोकळे झाले असते. आता मशीन समोर धडधडत होतं आणि त्यांच्यापर्यंत पोहोचत होती ती फक्त लाकडी टेबलाची थरथर. त्यात सगळंच मिसळलेलं होतं. त्यांनी मोटर बंद केली, मशीनवर जुनी चादर टाकली आणि भाचीला सांगितलं, "दुसरा फिटर बघ. माझ्यानं होणार नाही."

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या आल्या, नवऱ्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि त्यांच्या हनुवटीला हात लावून तोंड आपल्याकडे वळवलं. असं त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

"तीस वर्षं मशिनांचं ऐकलंत," त्या सावकाश म्हणाल्या. "आता एकदा माझं ऐका. ते आवाज करतंय."

"मशीन आहे, आवाज करणारच."

"तो नाही. एका पायात सैल चप्पल घालून माणूस चालतो ना, तसा. टप, फटक. टप, फटक. जाड चामडं असलं की जास्त."

कानसेनांनी चादर ओढून बाजूला फेकली. भाचीला चामडं घालायला लावलं, मोटरचा पट्टा काढला आणि चाक हातानं फिरवायला घेतलं. मामींना त्यांनी एवढंच विचारलं, की ते फटक सुई खाली जाताना होतं की वर येताना. मामींनी कान मशीनशी नेला, डोळे मिटले आणि एक बोट वर केलं.

वर येताना. म्हणजे आकड्याचा दोष नव्हता, पायाचा होता. या मशीनला चामडं दाबून धरायला दोन पाय असतात. माणूस चालतो तसे ते आळीपाळीनं उचलतात आणि टेकतात. त्यातला आतला पाय ढिला पडला होता. सुई वर निघाली की चामडंही तिला चिकटून उचललं जायचं आणि मग खाली आपटायचं. चामडं उचललं की दोऱ्याचा फास नीट पडत नाही, आणि टाका सुटतो. मामी म्हणाल्या ती सैल चप्पल हीच. कानसेनांनी मशीनचं डोकं उघडून बोट आत घातलं, पायाची दांडी हलवली. तिला पकडणारी पिन झिजून पार बारीक झाली होती. इतके दिवस त्यांनी तिला पुसून, तेल लावून, मोठ्या प्रेमानं परत जागेवर बसवलं होतं.

लेथवाल्यानं नवी पिन करून दिली. ती बसवल्यावर फटक गेलं, पण टाका अजून एखादा सुटत होता. आता खरी गंमत सुरू झाली. कानसेन स्क्रू जरासा फिरवायचे आणि मामींच्या तोंडाकडे बघायचे.

"करकर की चरचर?"

"दोन्ही नाही."

"मग किरकिर?"

"किरकिर तुमची चाललीय. मशीनची कुरकुर आहे. पोट भरलेलं मूल उगीच करतं तशी."

कानसेनांनी आयुष्यभर मशिनांचे आवाज ऐकले होते, पण ते कुणाला शब्दांत सांगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. मामींकडे मात्र शब्दांचा तोटा नव्हता. त्यांची एकेक उपमा ऐकून कानसेन विचार करायचे, आत कुठे काय घासत असेल ते ताडायचे आणि पाना लावायचे. कधी नेम चुकायचा. एकदा दोघांत घरघर आणि खरखर यांवरून अशी जुंपली की भाचीनं हातातलं काम ठेवून मध्यस्थी केली. खरं तर तिला हसू आवरत नव्हतं. या घरात इतकं बोलणं तिनं लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं. जेवतानाही विषय तोच, आणि मशीनवरून मग बोलणं पुढे सरकायचं, शेजाऱ्यांवर, परगावी असलेल्या मुलावर, कारखान्यातल्या जुन्या लोकांवर. खुणा कधी बंद पडल्या ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पायावरचा दाब वाढवला आणि कुरकुर थांबली. भाचीनं अवजारांच्या पट्ट्यासाठी दुहेरी चामडं घातलं आणि एका दमात शिवत गेली. कानसेनांनी पट्टा उचलून अंगठा शिवणीवरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलट बाजूनं. टाका अन् टाका पडला होता. त्यांनी पट्टा मामींच्या हातात दिला. मामींनीही तसाच अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "दिसायला बरंय. वाजायलाही बरंय."

मशीन भाचीच्या कामाच्या खोलीत गेलं. मनगटाला आराम पडला आणि ज्या मोठ्या पिशव्यांना ती इतके दिवस नाही म्हणत आली होती त्या ती घ्यायला लागली. पुढची खोली मोकळी झाली तेव्हा कानसेनांना जरा चुकल्यासारखं झालं. पण मोकळी फार दिवस राहिली नाही. भाचीच्या शेजारी गाड्यांच्या सीटा शिवणारा एकजण होता. त्याचं मशीन दोरा तोडत होतं. त्यानं निरोप पाठवला. कानसेनांनी अवजारांची पिशवी काढली आणि मामींना म्हणाले, "चल, कपडे बदल."

मामींनी आधी आढेवेढे घेतले. मी काय करू तिथे, लोक हसतील, म्हणाल्या. मग म्हणाल्या, यायचं तर येते, पण त्या भागांची नावं मला सांगा, दर वेळी ते आणि हे काय म्हणायचं? रस्ताभर कानसेन त्यांना नावं सांगत गेले आणि मामी ती घोकत गेल्या.

सीटवाल्याचं दुकान गजबजलेलं होतं. कारागीर बोलत होते, पंखा खडखडत होता, कोपऱ्यात कुणीतरी गाणी लावली होती. म्हातारा फिटर बायकोला घेऊन आलेला बघून दोघंतिघं एकमेकांकडे बघून हसले. मामींनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि सीटवाल्याला सांगितलं, "गाणी बंद करा. तो पंखाही. आणि जरा वेळ कुणी बोलू नका."

दुकान गप्प झालं. कानसेनांनी मशीनला लागून एक स्टूल मामींसाठी ठेवलं, स्वतः समोर बसले, त्यांचा चेहरा नीट दिसेल असे, आणि सीटवाल्याला मोटर लावायची खूण केली.