‘जुनी टाकून द्या!’

कॉम्प्युटर उघडून नीट केला आणि परत बंद केला की एखादा स्क्रू हातात उरतोच. मशीन चालत असतं, काही अडत नसतं, तरी तो स्क्रू फेकवत नाही. मग तो डबीत जातो. माझ्या डबीत असे ढीगभर स्क्रू आहेत, आणि डोक्यात तेवढेच किस्से. फरक एवढाच, की कुठला किस्सा कुठल्या मशीनचा, ते मला पक्कं आठवतं!

सिडकोतल्या कॅनॉट मार्केटच्या मागच्या गल्लीत माझं आणि रशीदभाईंचं दुकान होतं. कॉम्प्युटर जोडून द्यायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, आणि सगळ्यात जास्त काम म्हणजे सिस्टिम टाकायची. विंडोज म्हणा, लिनक्स म्हणा, जे टाकल्याशिवाय मशीन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, ते! वर्षं दुष्काळाची होती. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं. गल्लीत टँकर शिरला की आमची गिऱ्हाइकंसुद्धा मधेच उठून पळायची. तरी शहर थांबायला तयार नव्हतं. बायपासला दर आठवड्याला नव्या बिल्डिंगची पाटी. नवीन ऑफिस, नवीन मशीन, नवीन सिस्टिम. माणसं मात्र जुनीच!

मला एका गोष्टीचं कायम कुतूहल वाटायचं. गाव सोडून शहरात येताना डोळ्यांत टिपूस न आणलेला माणूस, स्क्रीनवरचं एक बटण इकडचं तिकडं झालं की कासावीस का होतो? उत्तर अजून सापडलेलं नाही. शोधता शोधता किस्से तेवढे सापडले.

* * *

सबनीस काका सिडकोत राहायचे. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर XP ही जुनी विंडोज होती आणि त्यात घराण्याची वंशावळ, नऊ पिढ्यांची. एक दिवस काकांनी वाचलं, ‘एप्रिलपासून XP बंद.’ अर्थ इतकाच होता, की कंपनी इथून पुढं तिच्या दुरुस्त्या करणार नाही. काकांनी अर्थ लावला, की त्या तारखेला मशीन बंद पडणार!

आम्हाला विचारलं नाही. हेडक्लार्क कुणाला विचारत नसतो! महिनाभर बसून त्यांनी नऊच्या नऊ पिढ्या हातानं वहीत उतरवल्या. ठरल्या दिवशी सकाळी अंघोळ केली, काकूंना शेजारी बसवलं आणि मशीन चालू केलं. दुपारी दुकानात फोन. आवाज तक्रारीचा.

“अहो, हा चालूच आहे!”

“मग चांगलंच झालं की, काका.”

“चांगलं काय? काल मी ह्याचा रीतसर निरोप घेतलाय. आता कुठल्या तोंडानं ह्याच्यासमोर बसू?”

* * *

त्याच सुमारास विंडोज एट आली. खालचं स्टार्टचं बटण गायब आणि मशीन चालू केलं की स्क्रीनभर रंगीत चौकोन. रोज चार माणसं दुकानात येऊन विचारायची, “आमचं बटण कुठं गेलं?” जणू काही आम्हीच खिशात घातलंय!

एकच गिऱ्हाईक खूश झालं. बाबुराव. देवगाव रंगारीकडचे शेतकरी, पण आता बायपासला प्लॉट पाडून विकायचा धंदा जोरात. त्यांच्या ऑफिसात मी नवीन मशीन बसवलं. आता हे काय बोलणार, या धास्तीतच बटण दाबलं. बाबुराव खुर्ची पुढं ओढून बघत राहिले आणि एकदम खुलले.

“आरं, ह्ये तर लेआऊट हाय! मोठे चौकोन दुकानाचे, बारके घराचे. मधी रस्ता पन सोडलाय. लई भारी!”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी कोपऱ्यातल्या एका निळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

“आन् ह्यो कार्नरचा कुनाचा?”

“तो हवामानाचा, बाबुराव. पाऊस येणार का, ऊन पडणार, ते सांगतो.”

“मंग काय म्हनतो?”

“आकाश निरभ्र.”

आठ दिवसांनी मी परत गेलो. चौकोन तेच सांगत होता, आकाश निरभ्र. पंधरा दिवसांनी गेलो. आकाश निरभ्र. बाबुरावांनी थंडपणानं सांगितलं, “साहेब, त्यो प्लॉट इकून टाका. लई दिसांचा पडीक हाय.”

* * *

कुलकर्णी काकूंच्या मुलानं अमेरिकेतून सफरचंदाच्या चित्राचा कॉम्प्युटर पाठवला. देखणा, पांढराशुभ्र. काकूंनी तीन दिवसांत मला बोलावून घेतलं.

“ह्यात उघडलेली खिडकी बंद करायची खूण सापडत नाही. इतकी वर्षं ती उजव्या कोपऱ्यात होती.”

मी दाखवलं, “ह्या मशीनमध्ये ती डावीकडं असते, काकू.”

काकूंनी चष्मा पुसला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग बराच वेळ भिंतीवरच्या मुलाच्या लग्नाच्या फोटोकडं बघितलं.

“सून डावखुरी आहे,” काकू म्हणाल्या. “तिनंच निवडला असणार!”

* * *

फुलंब्रीजवळच्या एका शाळेत काळे सर होते. शाळेची तीन जुनी मशीनं व्हायरसनं बेजार झालेली. मी म्हटलं, सर, लिनक्स टाकू. फुकट आहे, आणि व्हायरसचा ताप नाही. सर हौशी माणूस. म्हणाले, “टाका. शिकू की!”

दुसऱ्या दिवशी सर एसटीनं दुकानात हजर. पिशवीत कीबोर्ड. “खराब झालाय. पासवर्ड उमटत नाय.” रशीदभाईंनी कीबोर्ड लावून बघितला. उत्तम चालत होता. सर तो घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मशीनचा कीबोर्ड. तोही उत्तम. पाचव्या दिवशी सर तिसरा कीबोर्ड घेऊन आले, तेव्हा घामानं शर्ट भिजलेला होता. बसायच्या आधी रशीदभाईंनी त्यांना आपल्या माठातलं पाणी दिलं. त्या दिवसांत ते पाणी म्हणजे सत्कारच!

“सर, करते क्या हो, मेरेकु दिखाव.”

सरांनी आमच्या मशीनवर काळी खिडकी उघडून पासवर्ड मारला. तेव्हा आमची ट्यूब पेटली! लिनक्सच्या त्या खिडकीत पासवर्ड टाइप केला, तर चांदणी नाही, टिंब नाही, काही म्हणता काही उमटत नाही. टाइप करायचं आणि एंटर मारायचं. सर बिचारे पहिलं अक्षर उमटायची वाट बघत बसायचे आणि कीबोर्ड उपटून एसटी पकडायचे!

“सर, वो सब सुनरा है,” रशीदभाई म्हणाले. “खाली बोलता नहीं.”

सर म्हणाले, “हात्तिच्या! म्हणजे आमच्या वरच्या साहेबासारखं. आधी सांगायचं ना, मला सवय हाय!”

* * *

जुन्या मोंढ्याजवळ दोन भाऊ पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचे, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचे. बोअरला पाणी नाही, कोरड्यात मोटार चालवून ती जळायची, त्यामुळं गावोगावच्या मोटारींची त्यांच्या दारात थप्पी लागलेली. दोघांत कॉम्प्युटर एकच. थोरल्याला जुनी सिस्टिम पाहिजे, धाकट्याला नवीन. भांडण एवढं, की दोघं एकमेकांशी आमच्यामार्फत बोलायला लागले.

मी तोडगा काढला. एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम टाकल्या. चालू केलं की यादी येते, वर नवीन, खाली जुनी. दहा सेकंदांत निवडायची. नाही निवडली, तर वरची आपोआप चालू.

थोरल्यानं विचारलं, “वर त्याचं नाव का?” मी जुनी वर घेतली. धाकट्यानं विचारलं, “वर त्याचं नाव का?” आता आली का पंचाईत! म्हटलं, “अहो, वर-खाली सोडा. दहा सेकंद मिळतात, तेवढ्यात ठरवा आणि बटण दाबा.”

त्यावर दोघं कित्येक दिवसांत पहिल्यांदा एका सुरात बोलले, “दहा सेकंदांत? आमच्या वाटणीला अकरा वर्षं लागली!”

* * *

देशमुख बाई वकील होत्या. त्यांच्या मशीनवर आम्ही जुनी काढून नवीन सिस्टिम टाकली. आठवडाभर त्यांनी दम काढला, मग मशीन दुकानात पाठवून दिलं. मागून फोन आला. मी नव्हतो, रशीदभाईंनी घेतला. बाई कोर्टात घाईत होत्या. एकच वाक्य बोलल्या, “ती जुनी टाकून द्या!” आणि फोन ठेवला.

जुन्या सिस्टिमची एक कॉपी मी मशीनच्या कोपऱ्यात ठेवली होती, बाईंना करमलं नाही तर परत टाकता यावी म्हणून. रशीदभाईंनी ती शोधली आणि सफाचट पुसली. जागा मोकळी झाली म्हणून खूश!

संध्याकाळी बाई आल्या. मशीन चालू केलं, तर समोर नवीनच. “मी जुनी टाकून द्या म्हटलं होतं ना?”

“हौ मॅडम,” रशीदभाई छाती काढून म्हणाले, “फेक दिया!”

बाईंच्या केसच्या फायली मी वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून आम्ही वाचलो, नाही तर वकिलाच्याच हातून नोटीस आली असती. मी डोक्याला हात लावला. बाई मात्र खुर्चीत बसून हसत सुटल्या. म्हणाल्या, “कायद्याच्या भाषेत इतकी वर्षं गेली, पण एकाच वाक्याचे असे दोन अर्थ मला कधी काढता आले नाहीत!”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पावतीवर दोन चौकोन छापले. ‘बसवा’ आणि ‘काढा’. ‘टाका’ हा शब्द दुकानात बंद!

* * *

आता हा शेवटचा. तालुक्याच्या एका कचेरीत नवीन मशीनं आली होती, ती बसवायला मी गेलो होतो. जुनी काढली, नवी लावली, सिस्टिम चालू केली. एक चूक माझ्याकडून झाली. तेव्हा मराठी टायपिंगचे फॉन्ट ज्याचे त्याचे वेगळे असायचे. ज्या मशीनवर तो फॉन्ट नसेल, तिथं अख्खं मराठी पत्र म्हणजे नुसता अक्षरांचा चिवडा. जुन्या मशीनवरचे फॉन्ट नव्यावर घ्यायचं मी विसरलो, आणि जुनी मशीनं तोवर टेम्पोत भरून गेलीसुद्धा.

साडेअकराच्या सुमाराला गयाबाई आल्या. अजिंठ्याकडच्या एका बारक्या गावच्या सरपंच. पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. गावाला टँकर पाहिजे होता. अर्ज पेनड्राइव्हमध्ये आणा, असा त्यांना निरोप गेला होता, म्हणून त्या गावातल्या टायपिंगवाल्याकडून तो करून, दोन-चारदा वाचून घेऊन पहाटेच निघाल्या होत्या. टँकरची यादी बारा वाजता मीटिंगमध्ये पक्की होणार होती. नंतरची यादी थेट पंधरा दिवसांनी.

क्लार्क भाऊसाहेबांनी पेनड्राइव्ह लावला, कागद छापला आणि कपाळाला आठ्या घातल्या. कागदभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर टोप्या. एक शब्द लागेल तर शपथ!

“सरपंचबाई, हे वाचता येत नाही. साहेबांपुढं काय ठेवू?”

मी पुढं झालो. “चूक माझी आहे. फॉन्ट दुकानात आहे. पण जाऊन यायला तीन तास लागतील.”

आतून साहेब बाहेर आले, हातात फाइल, निघायच्या तयारीत. “काय झालं? नसेल अर्ज तर पुढच्या यादीत घेऊ.”

गयाबाईंचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. त्यांनी हात पुढं केला. “द्या हिकडं त्यो कागद.”

त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला, घसा साफ केला आणि वाचायला लागल्या. “विषय, टँकर मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की...” एकदम सरकारी भाषा, न अडखळता! गावच्या दोन्ही विहिरी कधी आटल्या. बोअरमधून नुसती हवा कशी येते. जनावरं किती, माणसं किती, शाळेतली लेकरं किती. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. भाऊसाहेबांनी पेन काढलं आणि भराभर उतरवून घ्यायला लागले.

साहेब थांबले. म्हणाले, “तिसरा मुद्दा परत वाचा.”

गयाबाईंचं बोट वर गेलं, एका ओळीवर थांबलं, आणि तिसरा मुद्दा त्यांनी शब्दाला शब्द परत वाचला. भाऊसाहेब हळूच उठून त्यांच्या मागं गेले आणि खांद्यावरून कागदात डोकावले. परत जागेवर आले, तेव्हा त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला.

हातानं लिहिलेल्या अर्जावर गयाबाईंनी शाईचा अंगठा उमटवला, साहेबांनी सही केली, आणि बारा वाजायच्या आत गावाचं नाव यादीत चढलं. चौथ्या दिवशी टँकर पोचला, ते मला नंतर समजलं.

पण मला त्या दिवशी राहवेना. मी कचेरीच्या पायऱ्यांवर त्यांना गाठलं. त्या तो चिवड्याचा कागद नीट चार घड्या घालून पिशवीत ठेवत होत्या.

“मावशी, एवढं शिकलो मी, पण मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. तुम्ही कसं वाचलंत?”

गयाबाईंनी माझ्याकडं नवलानं बघितलं.

“आता गं बाई! मला तर समदेच कागद असे दिसत्यात, भाऊ.”