उंबऱ्यावरचा श्वास

रंगारी कामावरून परतला की थेट घरात शिरत नसे. उंबऱ्यावर उभा राहून तो बायकोच्या तोंडावर श्वास सोडायचा. ती हुंगायची, मग बाजूला व्हायची. एके काळी तो इतका प्यायचा की भिंती सोडून खिडक्यांच्या काचा रंगवून यायचा. तेव्हा ती माहेरी निघून गेली होती, आणि परतली ती या अटीवर. पुढे लेकी मोठ्या झाल्या, तोंडाला पदर लावून हसू लागल्या, पण अट सुटली नाही. रंगाऱ्याला त्या अटीची लाज नव्हती. केस पिकले तरी तो ऐटीत श्वास सोडायचा.

उन्हाळ्यात एका नव्या इमारतीवर पिंपातलं पाणी त्याला बाधलं. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेले. दवाखान्यात सलाइन लागलं, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद बघत सहज म्हणाल्या, "स्वादुपिंडाचे पाचकरस वाढलेत. दारू घेता का?"

"केव्हाच सोडली."

बायको त्याचे पाय चोळत होती. तिचे हात थांबले.

"आमच्या मुकादमाचंही हेच वाढलं होतं, दाजी," भेटायला आलेला मेव्हणा म्हणाला. "पिऊन पिऊन गेला बिचारा. तुम्ही आपले जपा."

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी चांगली आली. डॉक्टरीणबाईंनी बायकोला मुद्दाम समजावलं, "जोराचे जुलाब झाले की काही जणांचे हे रस थोडे वाढतात, ताई. आपोआप उतरतील. यात दारूचा काही संबंध दिसत नाही."

ती मान डोलवत राहिली. बाई गेल्यावर म्हणाली, "भली आहे. पेशंटची लाज राखते."

"अगं, रोज तूच हुंगत होतीस ना?"

"अंगाला टर्पेंटाइनचा एवढा भपका. त्यात मला काय डोंबल कळणार होतं?"

न प्यायलेल्या दारूचा पुरावा रंगाऱ्याने आणायचा कुठून?

बरा होऊन तो कामावर गेला. त्या संध्याकाळी त्याने टर्पेंटाइनला हात लावला नाही. रंग नखांत तसाच ठेवून नुसत्या साबणाने हात धुतले, खळखळून चूळ भरली आणि उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. बायको भाजी निवडत होती. त्याला पाहताच ती उठून बाजूला झाली.

"या. पाय धुवा, वाढते."

"हुंग तरी."

"कशाला आता?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

रंगाऱ्याने छातीत धरलेला श्वास भिंतीकडे तोंड करून सोडला, आणि तो आत गेला.