मधली रास

"नाय म्हनली डाक्टरीन. सोताच्या कानांनी आयकलंय मी!" आत्या शेजारच्या भागीला सांगत होत्या, आणि सांगता सांगता डोक्यावर धरलेल्या सुपातून भाताची बारीक धार खाली सोडत होत्या. मी खळ्याच्या कडेला पेंढा बांधत बसले होते. सुकल्या पेंढ्याचा गोडसर वास, मानेला टोचणारी कुसं, सावित्री नदीच्या पात्रावरून येणारा गार वारा. आणि त्या वाऱ्यावर तरंगत आलेला तो एकच शब्द, नाय. किती हलका शब्द! फोलासारखा उडून तो संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीभर पसरणार होता.

"मंग पिशवी साफ हाय म्हना की," भागी म्हणाली.

"साफ! धुतल्या तांदळावानी."

"मंग माळ्यावरचा पाळना काढा खाली. का कावळा आजून घरटं सोडत नाय?"

दोघी मनमुराद हसल्या. मीही मान खाली घालून हसल्यासारखं केलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. पोलादपूरजवळच्या या वाडीत लग्न होऊन आले, तेव्हा त्यांच्या आईला आत्या म्हणायचं, एवढंच यजमानांनी मला आधी शिकवलं. ते स्वतः मुंबईत नोकरीला. खोली मिळाली की मला नेणार होते. तोवर घरात आत्या आणि मी. माझं शिक्षण घाटमाथ्यावरच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून झालेलं. तिथे फुलांची, पक्ष्यांची, ताऱ्यांची नावं मी इंग्रजीत पाठ केली. पण कमरेखालच्या शरीराला त्या शाळेत नावच नव्हतं. काहीही दुखलं तरी आम्हा सगळ्या मुलींचं पोटच दुखायचं.

इथे शब्द होते, पण सारे पदराआडचे. विटाळ आला की 'कावळा शिवला' म्हणायचं आणि पडवीच्या टोकाला घोंगडीवर बाजूला बसायचं. केवढी विसंगती पाहा! ज्याविषयी चकार शब्द काढायचा नाही, ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल अशा जागी बसवून ठेवायचं. गणपती झाल्यावर माझा कावळा वेळीअवेळी शिवू लागला. न्हाऊन आत यावं, चुलीला हात लावावा, तो पुन्हा साडीला डाग आणि पुन्हा घोंगडी. भागी पाण्याची कळशी घेऊन जाता जाता थांबली होती एकदा. "काय गो, तुला कावळा शिवतो का ऱ्हायलाच येतो?" तिच्या थट्टेत दुष्टावा नव्हता. तरी पुढे कितीतरी दिवस अंगणातला कावळा ओरडला की मी दचकत असे.

अखेर आत्यांनीच मला महाडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, काचेच्या पट्टीवर हलकेच काहीतरी पुसून घेतलं आणि म्हणाल्या, "पिशवीच्या तोंडाशी सूज आहे, मुली. ही पट्टी मुंबईला पाठवते. सुजेच्या जागच्या पेशी बऱ्या आहेत ना, एवढंच पाहायचं." बऱ्या नसल्या तर काय, ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. पण कॅन्सर हा शब्द मला ठाऊक होता. शाळेतल्या एका शिक्षिकेचं नाव प्रार्थनेत रोज घेतलं जाई, आणि एके दिवशी ते घेणं बंद झालं; तेव्हापासून ठाऊक होता.

पिशवीचं तोंड! परततानाच्या एस.टी.त मी त्या शब्दांपाशी अडून बसले. म्हणजे माझ्या देहाच्या काळोखात आणखी एक तोंड होतं तर. मला कधी न दिसलेलं, आणि माझ्यासारखंच मुखदुर्बळ. त्यालाही काही सांगायचं असेल का? आणि सांगायचं असेल, तर ते कुणाला समजणार होतं?

मागच्या आठवड्यात आम्ही पुन्हा महाडला गेलो. आत्या बाकावर माझ्या शेजारी, पदराची गाठ मुठीत घट्ट धरून बसलेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हातारीला घोर नको म्हणून असेल, माझ्याशी इंग्रजीत बोलू लागल्या. नॉट कन्क्लूझिव्ह. सुजेमुळे पेशी स्वच्छ दिसल्या नाहीत. आजार आहे असं म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. आता औषध घ्यायचं, आणि होळी झाली की पट्टी पुन्हा काढायची. टाळायचं मात्र नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

त्या साऱ्या बोलण्यातून आत्यांनी एकच दाणा टिपला. मुंबईहून शिमग्या-गणपतीला येणाऱ्या पोरांच्या तोंडून तो त्यांच्या ओळखीचा झाला होता. "नॉट म्हंजे नाय ना गो?" दाराबाहेर येताच त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबल्याच नाहीत. महाडच्या स्टँडवरच्या धुळीत उभं राहून त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. त्यांचे डोळे भरून आले होते. लग्न झाल्यापासून मला इतक्या मायेनं कुणी स्पर्श केला नव्हता. त्या क्षणी मी कुठल्या तोंडानं बोलणार होते?

तुम्ही कधी अशा उत्तराची वाट पाहिली आहे का, जे येऊनही आलेलं नसतं? वाईट बातमी आली तर माणूस रडून मोकळं तरी होतं. पण हे 'कळत नाही' मोठं चिवट असतं. सकाळी तांदूळ निवडताना ते समोर येऊन बसतं, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याबरोबर खोल उतरतं आणि भरून वर येतं. त्या आठवड्यात मी काहीही पाहिलं तरी त्याचे दोनच अर्थ लागत. पाल चुकचुकली तर हो. नाही चुकचुकली तर ती गप्प का? आपण शिकलेल्या, असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं मी स्वतःला बजावी आणि पुन्हा भिंतीकडे पाही. भीतीला कुठली आली शाळा!

आणि आत्या आनंदात होत्या. अंगणात सारवण घालताना गुणगुणत होत्या. त्यांनी गावदेवीला नवस बोलला होता, सुनेची पिशवी धड निघाली तर नारळ आणि हिरवं लुगडं. आज खळं आटोपलं की मला घेऊन तो फेडायला जायचं, असं ठरलं होतं. नारळ सोलून, शेंडी राखून, भिंतीतल्या देवळीत ठेवला होता. आज सकाळी न्हायला घालून मला घोंगडीवरून उठवलं आणि खळ्यावर बोलावलं, तेही याच आनंदात.

नवसाचा एक नियम असतो. इथे तो कुणाला सांगावा लागत नाही. फेडला की गोष्ट संपली. फेडलेल्या नवसानंतर त्याच दुखण्यासाठी पुन्हा डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवीच्या शब्दावर संशय, आणि सुनेचा संशय तर दुप्पट पाप. नारळ एकदा फुटला की होळीनंतर मला महाडच्या एस.टी.त कोण बसवणार होतं? म्हणजे जे बोलायचं ते तो फुटण्याआधी. पण बोलायचं कसं? शाळेत आम्हाला शिकवलं होतं, एका वाक्यात दोन नकार आले की त्यांचा होकार होतो. 'नाही असं नाही' म्हणाले, तर या म्हातारीच्या कानात 'आहे' एवढंच उरणार नाही ना? आणि माझ्या स्वतःच्या कानात?

वारा पडला. आत्यांनी सूप खाली टेकलं. त्यांच्या पायाशी भरल्या दाण्यांची रास पिवळीधमक झाली होती. दूर, पेंढ्याच्या उडवीपर्यंत, फोल पसरलं होतं. आणि दोन्हींच्या मधे एक पातळसा पट्टा होता. ना वजनानं खाली बसलेला, ना वाऱ्यानं दूर गेलेला.

"ह्याचं काय करू?" भागीनं केरसुणीनं तो गोळा करत विचारलं.

"ऱ्हाऊ दे बाजूला. वारा आला का परत वारवू."

किती साधेपणानं म्हणाल्या त्या! त्यात घाई नव्हती, भीती नव्हती, दाण्यावर राग नव्हता. कुठेही न बसणाऱ्या त्या भाताला भागीनं केरसुणीनं हलकेच एका बाजूला सारलं, आणि मी त्याच्याकडे पाहत राहिले. हातातला पेंढा कधी गळून पडला, कळलं नाही.

भागी घरी गेली. आत्या हातपाय धुऊन आल्या, देवळीतला नारळ त्यांनी पदराखाली घेतला आणि बांधावर उभं राहून मला हाक मारली, "चल गो बाय, दिवेलागणीच्या आत येऊ."

मी उठले. केसांत, मानेवर, बाह्यांवर कुसं टोचत होती. सुकल्या पेंढ्याचा तोच गोडसर वास होता, फक्त वारा तेवढा थांबला होता, त्यामुळे माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा आला. वर्षभर या घरात मी पुस्तकातल्यासारखं बोलत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या तोंडून त्यांची बोली आली.

"आत्या, नारळ आज नको. डाक्टरीन नाय म्हनली नाय. हाय पन म्हनली नाय. होळी झाली का परत बघायचं हाय, आणि तेव्हा तुमी माझ्यासंगं या."