आधी कोण वाकलं?

आमची शिगेनो आबिरु जाईल तिथे भांडण शोधते, असं तिचे दादा म्हणतात. साफ खोटं. भांडण तिथे आधीपासूनच असतं, ती फक्त दोन्ही बाजूंना बोलतं करते. ती शाळेत इतिहास शिकवायची आणि मी, तोमोए, त्याच शाळेत मुलांचं जेवण रांधायचे, म्हणून हे मी छातीठोकपणे सांगते. दोन पोरं मारामारी करून आली, की ती एकाला माझ्या स्वयंपाकघरात बसवायची आणि दुसऱ्याला जिन्यात. दोघांचं वेगवेगळं ऐकायची, मग मला विचारायची, "दोघंही थापा मारतायत. पण दोघांच्या थापांत सारखं काय आहे, सांग बघू." मी म्हणायचे, बाई गं, माझं सूप उतू चाललंय, तुझा आरोपी आधी इथून उचल.

निवृत्त झाल्यावर बायका फुलं मांडायला शिकतात, गरम पाण्याच्या झऱ्यांवर जातात. हिने दफ्तरखाना गाठला. आमच्या त्सुशिमा बेटाच्या सरदारांचा धंदाच मुळी दोन शेजाऱ्यांना खूश ठेवण्याचा. एकीकडे जपान, दुसरीकडे कोरिया आणि मध्ये आम्ही. एकाचा खलिता दुसऱ्याला झोंबेल असं वाटलं, तर आमचे पूर्वज वाटेतच त्यातले शब्द बदलायचे, वर खोटे शिक्केही मारायचे. शरम कसली त्यात? त्यामुळेच तर जहाजं येत-जात राहिली. अशा थापाड्यांचे कागद शिगेनो भिंग लावून वाचायची आणि एकटीच खुदखुदायची. पलीकडच्या लोकांशी त्यांच्या कागदांवरून वाद घालता यावा, म्हणून ती रेडिओ ऐकून कोरियन शिकली. आमच्या गावात कोरियातल्या बुसानचं रेडिओ स्टेशन आपल्या फुकुओकापेक्षा स्वच्छ लागतं. पुढे बुसानच्या एका संग्रहालयात तिला म्योंग-रान भेटली. तीही इतिहासाचीच शिक्षिका, हिच्याहून बरीच लहान. ती हिला ताई म्हणते, आणि दोघी फोनवर कधीच्या काळी मेलेल्या कारकुनांच्या कागाळ्या करत बसतात.

आता त्या वर्षीची भानगड ऐका. दर ऑगस्टमध्ये आमच्या इझुहारा गावात मिरवणूक निघते. कोरियाचा दूत जहाजातून उतरतो, आमच्या सरदाराला वाकून नमस्कार करतो, मग सरदार जराशी मान हलवतात, असा तो जुन्या काळच्या एका भेटीचा देखावा. सरदार व्हायचे शिगेनोचे थोरले बंधू, सादायोशीदादा. मिशा चिकटवल्या की ते घरीसुद्धा हुकूम सोडल्यासारखा चहा मागतात, असं वहिनी सांगतात. दूत म्हणून आजवर आमचाच पोस्टमन उभा राहायचा, तो बापडा कुणालाही वाकायला तयार. पण त्या वर्षी शिगेनोच्या खटपटीने पहिल्यांदाच बुसानची मंडळी येणार होती आणि म्योंग-रानचे मामा दूत होणार होते.

मामांनी देखाव्याची हकिगत ऐकली आणि बिथरले. आमचा दूत आधी वाकलेला नाही, वाकायला लावणार असाल तर आम्ही बोटीत पाय ठेवत नाही, असा निरोप आला. दादांनी दफ्तरातली नोंद काढून दाखवली. आमच्या कारकुनाने स्वच्छ लिहिलंय की पाहुणे आधी वाकले. म्योंग-रानने फोनवर त्यांच्या दूताच्या सोबत्याची रोजनिशी वाचून दाखवली. त्यात सरदारच आधी वाकले होते, तेही पार कंबरेतून. दोन्ही कागद त्याच दिवसाचे, त्याच धक्क्यावरचे. दादा म्हणाले, त्यांचा माणूस खोटारडा. मामा म्हणाले, तुमचा.

शिगेनो माझ्याकडे आली ती नाक पुसतच. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"या वेळी आले नाहीत तर पुन्हा कधीच येणार नाहीत, तोमोए," ती म्हणाली. "आणि घरच्यांसमोर तोंडघशी पडेल ती म्योंग-रान. माझ्यापायी."

मी तिच्यापुढे रताळ्याच्या शेवया ठेवल्या. खाता खाता ती ताळ्यावर आली आणि माझ्या ओट्यावर दोन्ही कागदांच्या नकला शेजारी शेजारी मांडून बसली. कुणी लिहिलंय यापेक्षा कुणाला दाखवायला लिहिलंय ते बघ, ती म्हणाली. आमच्या कारकुनाला वरिष्ठांना तोंड द्यायचं होतं, त्यांच्या माणसाला दरबाराला. आम्ही आधी वाकलो असं लिहायची कुणाची छाती होती? मग तिने तो शाळेतला जुना प्रश्न काढला, दोघांत सारखं काय आहे? सारखं होतं ते जेवण. दिवे लागेपर्यंत पंगत चालली असं दोघांनीही लिहिलं होतं. मासा खारट होता, अशी कुरकूरही दोघांनी केली होती.

इतिहासातलं मला ओ की ठो कळत नाही, पण पंगतीचं कळतं. मी म्हटलं, ज्याचा अपमान झालाय तो माणूस दिवे लागेपर्यंत खारट मासा खात बसत नाही, ताट सरकवून उठतो. शिगेनोने टाळी वाजवली.

"म्हणजे दोघं एकदमच वाकले असणार, आणि घरी जाऊन ज्याने त्याने आपल्या सोयीचं लिहिलं. असणार म्हणतेय हं मी. शपथेवर नाही सांगणार."

तेवढ्या 'असणार'वर तिने दोन्हीकडे समजूत घातली. दादा आठवडाभर घुश्शात होते. शेवटी ठरलं असं की ढोलाचा ठोका पडला की दोघांनी एकदम वाकायचं. मामांनीही हो म्हटलं, आणि मंडळी बोटीत बसली.

मिरवणुकीच्या दिवशी अख्खं गाव धक्क्यावर लोटलं होतं. मामा झुलत्या फळीवरून रुबाबात उतरले. दादा मिशांसकट पुढे झाले. ढोलाचा ठोका पडला आणि कुणीच वाकलं नाही. दोघांच्याही मनात एकच, आधी तो वाकू दे. पुन्हा ठोका पडला. दोघं एकमेकांकडे खांबासारखे बघत उभे. लोक कुजबुजायला लागले. बोटीजवळ म्योंग-रानचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. झालं, मी मनात म्हटलं, बाईची सगळी मेहनत पाण्यात.

शिगेनो माझ्या शेवयांच्या टपरीशेजारी उभी होती. तिने मुलांना दटावायचा तो शाळेतला आवाज लावला.

"जेवण वाढलंय. जो वाकणार नाही त्याला शेवया मिळणार नाहीत."

आधी आमच्या भाषेत, मग त्यांच्या. पहिल्यांदा पोरं हसली, मग सगळा धक्का हसला. मामांना हसू आवरेना, दादांची एक मिशी सुटली, आणि खाली मान घालून दोघांनीही नमस्कार उरकला. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

पंगत दिवे लागेपर्यंत चालली. मासा मी मुद्दाम खारट केला होता आणि कुरकूर दोन्हीकडून आली. दादा भाषणात म्हणाले की पाहुणे आधी वाकले, म्हणून आपणही मोठ्या मनाने वाकलो. मामा फोनवरून बायकोला सांगत होते की सरदार आधी वाकला, तोही पार कंबरेतून. शिगेनो आणि म्योंग-रान एकमेकींना धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या.

मग शिगेनोने मला हुकूम सोडला. तू तिसरी साक्षीदार आहेस, कुणाचं मीठ खाल्लेली नाहीस, जे पाहिलंस ते लिहून ठेव, नाहीतर पुढची माणसं पुन्हा यावरून भांडतील. म्हणून हे लिहिलं. आता खरं सांगायचं तर दादा आधी वाकले की मामा, हे मी पाहिलंच नाही. मी शिगेनोकडे बघत होते. ओरडून झाल्याबरोबर, ते दोघे हलायच्या आत, ती तिथल्या तिथे बोटीच्या दिशेने खाली वाकली होती, आणि बोटीजवळ म्योंग-रानही वाकलेली होती. त्या दोघींत आधी कोण, ते मात्र मला विचारू नका.