पेल्यातले बुडबुडे

मी हैदराबादेतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. अधिशोषणाचा, म्हणजे वायू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटण्याचा, धडा माझ्याइतका सोपा करून कुणी सांगत नाही, असं विद्यार्थी म्हणतात. म्हणूनच पुढचं लिहिताना जास्त लाज वाटते.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, फुप्फुसं निकामी होत आली तेव्हा डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र ठेवायला सांगितलं. त्यात जिओलाइटचे दाणे असतात. दाण्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. दाबाखाली हवा आत गेली की नायट्रोजन त्या छिद्रांना चिकटून राहतो आणि ऑक्सिजन पुढे नळीत जातो. यंत्र घरघरायचं. गौलीगुड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मला ऑनलाइन क्लास घेता येईना. मी ते उचलून न्हाणीघरात ठेवलं आणि लांब नळी जोडली.

काही आठवड्यांनी अप्पा म्हणू लागले, "अरे बाळा, हवा येईना रे."

"येतेय. यंत्रावरची प्रवाह दाखवणारी गोळी दोनवर आहे, आत्ताच बघितली."

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आकडा कमी दाखवायचं, तर मी त्याच्या सेलला दोष दिला. अप्पा पुन्हापुन्हा तेच म्हणत. मी वैतागून म्हणालो, "तुम्हाला हवा नको, माणसं भोवती हवीत."

एकदा नांदेडची आत्या आली होती. तिच्यासमोर अप्पांनी तक्रार केली. मी त्यांच्या नाकातली नळी काढली, स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं आणि नळीचं टोक त्यात बुडवलं. भराभर बुडबुडे आले.

"बघा. ही हवा नाही तर काय आहे मग?"

आत्या अप्पांकडे बघून हसली. "काय रे दादा, लहान लेकरावानी करायलास की!"

मीही हसलो. अप्पा तोंड उघडं टाकून धापा टाकत होते, आणि मी पेला त्यांच्या डोळ्यांसमोर धरून उभा होतो. वर्गात प्रयोग दाखवताना धरतो तसा.

पुढच्या आठवड्यात त्यांचे ओठ निळे पडले. मी यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने न्हाणीघरात डोकावून यंत्रावर वाळत घातलेला टॉवेल उचलला. खाली ऑक्सिजन कमी असल्याचा पिवळा दिवा लागलेला होता.

"मशीन को रोज नहलाते क्या साब?" तो म्हणाला. "दाने पूरा पानी पी गए. सादी हवा आ री."

मला माहीत होतं. जिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी प्रिय असतं. न्हाणीघरातल्या दमट हवेतून ते छिद्रांत बसलं की खूप तापवल्याशिवाय निघत नाही, आणि नायट्रोजनला जागा उरत नाही; मग तोही नळीत जातो. दरवर्षी हे मी फळ्यावर लिहितो. बुडबुडे ‘वायू आहे’ एवढंच सांगतात, कोणता ते सांगत नाहीत. हे तर शाळकरी मुलालाही कळतं.

अप्पांना मी एवढंच सांगितलं, "मशीन बिघडलं होतं."

"मग त्यात तुझी काय चूक," ते म्हणाले.

दाणे बदलले. यंत्र आता त्यांच्या उशाशी असतं. तेव्हापासून अप्पांनी एकदाही तक्रार केलेली नाही. मी रोज दहादा विचारतो, "हवा येतेय ना?" परवा नळी त्यांच्या नाकाला लावली आणि यंत्र सुरू करायचं बटण दाबायच्या आधीच सवयीने विचारलं.

अप्पांनी घाईघाईने मान हलवली. "हौ, मस्त येतेय."