अंबूताईंच्या लेकीला हाक

माझी नणंद कुसुमावती, आमची अक्का, कन्नड मालिकांमध्ये वर्षानुवर्षं आई झाली. नायकाची आई, नायिकेची आई, कधी रडणारी, कधी शाप देणारी. स्वतः मात्र लग्नच केलं नाही. अजूनही आमच्या केशवापूरची भाजीवाली तिला बघितलं की "अम्मा!" म्हणत वर मूठभर कोथिंबीर घालते. मी एकटी गेले की तीच कोथिंबीर महाग होते, बघा!

कामं थांबल्यावर अक्का बेंगळुरूहून आमच्याकडे परत आली आणि गोकुळ रोडच्या मागं एकट्या म्हाताऱ्या बायकांसाठी घर काढलं. हार घालून घेण्यापुरती जाणारी नव्हे हं ती. त्यांची डोकी विंचरायची, नखं कापायची, अंथरुणं धुवायची. मी कुरकुरत डबे भरायची.

तिथं धारवाडच्या अंबूताई आल्या. शाळेत शिकवायच्या पूर्वी. एकुलती लेक निवेदिता कॉलेजात असतानाच तापानं गेली. आता डोळे अधू, मनाला भ्रम. अक्का जवळ बसली की म्हणायच्या, "निवेदिता, आलीस?"

"ओ आई, आले की," अक्का म्हणायची.

"अय्यो अक्का, मेलेल्या माणसाच्या नावाला ओ देऊ नये!" मी ओरडलेच.

ती हसली. "मंगला, जन्मभर दुसऱ्यांच्या नावांनाच ओ दिली मी. आता काय बिघडतंय?"

बिघडलं. भर दुपारी, घरात आम्ही दोघीच असताना, ती ताटावरून उठायची. "ओ, आले!" म्हणत दारापर्यंत जायची. दारात कुणी नसायचं. मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, नारळ उतरवला. काही उपयोग झाला नाही.

गेल्या श्रावणात अंबूताई गेल्या. शेवटी चांगल्या शुद्धीवर आल्या. मी तिथंच उभी होते. अक्काचा हात धरून म्हणाल्या, "तू निवेदिता नव्हेस. ठाऊक होतं गं मला. पण तू ओ द्यायचीस, म्हणून मला तिला हाक मारता यायची. मी गेल्यावर तिचं नाव घेणारं कुणी उरत नाही. तू मारशील हाक?"

अक्कानं शब्द दिला.

तेव्हापासून रोज जेवणाआधी ती मागच्या दारात उभी राहते. "निवेदिता, जेवायला ये गं!" शेजारी खिडक्या लावून घेतात. मी भांडले, रडले, पाया पडले. "बास कर, अक्का. एक दिवस ती तुला घेऊन जाईल." ऐकेल तर शपथ!

परवा हाक मारून वळली, तर चेहरा नुसता फुलला होता. "मंगला, मालिकेत सगळी मला आई म्हणायची, कारण तसं लिहून दिलेलं असायचं. आज कुणी लिहून न देता ओ आली."

तिला वेड लागलंय म्हणून मी कपाळ बडवून घेतलं असतं. पण शेगडीपाशी मीही ऐकलं होतं. लांबून, कोवळ्या आवाजात, "आले, आई."

मी तिसरं पान मांडलं आणि भात वाढला.