चाकांवरचं स्वयंपाकघर

शुक्रवारी दुपारी अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीहून निघालो तेव्हा आमच्या मिनीव्हॅनच्या मागे एक पांढरी बसकी पेटी जोडलेली होती. पॉप-अप कॅम्पर म्हणतात तिला (रस्त्यावर बंद पेटी; मुक्कामी पोचून हँडल फिरवलं की छत वर जातं आणि दोन्ही बाजूंना कापडी भिंतींचे बिछाने बाहेर सरकतात). माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या हट्टाखातर ती भाड्याने आणली होती. मला हवा होता ट्रॅव्हल ट्रेलर: पक्क्या भिंती, संडास-बाथरूम, फ्रिज आणि मुख्य म्हणजे नीट ओटा. ऑफिसातला एक सहकारी आपला ट्रेलर विकत होता आणि सोमवारपर्यंत आमच्यासाठी थांबला होता. तोवर ठरवायचं होतं.

ओट्याचा आग्रह का, ते सांगते. सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या बाहेरचं खात नाहीत, त्यामुळे प्रत्येक सहलीत स्वयंपाक बरोबर येतो. आणि त्यांचा मुलगा स्वयंपाकघरात शिरलेला त्यांना खपत नाही. जूनमध्ये केप कॉडला कॉटेज घेतलं होतं. तिथे मी समुद्र पाहून परतणारी माणसं पाहिली, समुद्र फारसा नाही. माझी रजा मोजकी असते. यापुढे ती मलाही मिळावी, एवढंच माझं मागणं होतं. ओटा सोयीचा असला की काम लवकर उरकेल, असं मी धरून चालले होते.

कॉनकॉर्ड मागे पडलं आणि चढ सुरू झाले. गाडी कण्हायला लागली.

"बघ, ही एवढीशी ओढताना ही अवस्था," मिलिंद म्हणाला. "तुझा ट्रेलर काय डोंबल ओढणार? ट्रक घ्यावा लागेल ट्रक."

"मग घेऊ."

"यू गाइज, नो फाइटिंग इन द कार," मागून ईशा. आमची मुलगी, वय तेरा.

"भांडत नाही, डिस्कस करतोय," मी म्हटलं. सासूबाई खिडकीतून डोंगर बघत होत्या. त्यांना सातपुडा जास्त आवडतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

व्हाइट माउंटन्समधली आमची जागा नदीकाठी होती. बर्चच्या झाडांची पांढरी खोडं, खाली पाइनच्या सुयांसारख्या पानांचा जाड थर, स्वच्छतागृह हाकेच्या अंतरावर. कॅम्पर मागे घेऊन जागेवर लावायचा होता. मिलिंद स्टिअरिंग डावीकडे फिरवी की ती पेटी भलतीकडेच जाई. ईशा सीटवर खाली खाली घसरत दिसेनाशी झाली.

सासूबाई घडीच्या खुर्चीत बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अरे, सोड ना तिला गाडीपासून आणि ढकल हाताने!"

ढकलली. सहज गेली. पॉप-अपच्या खात्यात हा एक गुण मी नाइलाजाने मांडला.

संध्याकाळी आतल्या छोट्या गॅसच्या शेगडीवर वरण केलं आणि मोहरी-लाल मिरचीची फोडणी टाकली. आमच्याकडे फोडणीच्या वेळी कुणीतरी टॉवेल हलवत स्मोक अलार्मखाली उभं राहतं. इथे अलार्म आहे हेच लक्षात नव्हतं. तो किंचाळायला लागला. कापडी भिंतींतून खकाणा (मिरचीचा झोंबणारा धूर) बाहेर जाईना. झिप सापडेपर्यंत आम्ही चौघं ठसकून अर्धमेले झालो. बाहेर पडलो तर शेजारच्या ट्रेलरमधल्या आजीबाई आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आलेल्या.

"सगळे ठीक आहात ना? काय पेटलं?"

"इट्स जस्ट डिनर," ईशा म्हणाली. "सॉरी."

बार्बरा त्यांचं नाव. हसून हसून त्या आमच्या बाकावरच बसल्या. मग त्यांनीच दाखवलं की ही शेगडी उचलून कॅम्परच्या बाहेरच्या अंगालाही अडकवता येते.

सकाळी शेगडी बाहेर होती. मी कांदे घेतले, तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "आई, पोहे मी टाकू?"

मी नेहमीच्या उत्तराची वाट बघत होते.

"टाक की," सासूबाई म्हणाल्या. "उघड्यावर काय बिघडतं? शेतात रोडग्यांना (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) गेलो की तुझे बाबा आम्हाला जवळही फिरकू देत नसत. स्वतः करायचे सगळं."

"मग घरी का नाही करायचे?" मी विचारलं.

"घरी स्वयंपाकघर होतं ना, वैशाली."

मी कांदे तिथेच ठेवले आणि ईशाला घेऊन नदीवर गेले. पाणी बर्फासारखं होतं. पाय सोडून बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई, तुला काही काम नाहीये?" नव्हतं. पोह्यांचे गोळे झाले होते, खाल्ले. दुपारची भाजीही त्यानेच केली. सासूबाई खुर्चीतून हुकूम सोडत होत्या आणि दोघं मजेत होती.

दुपारी बार्बरांनी आपला ट्रेलर दाखवला. मला हवं ते सगळं होतं: फ्रिज, ओव्हन, भांड्यांना खण, ओट्यासमोर खिडकी. बाहेर त्यांचा नवरा गळ टाकून बसला होता. त्याने तिथूनच हाक मारली, त्यांनी खिडकीतूनच आइस्ड टी दिला.

"या खिडकीतून मी काय काय पाहिलंय!" त्या अभिमानाने म्हणाल्या. "ग्रँड कॅन्यनसुद्धा."

मी नळाच्या पाण्याबद्दल काहीतरी विचारलं आणि बाहेर आले.

त्या रात्री पाऊस झाला. कापड ओलं झालं, माझी उशी भिजली, आणि रविवारी सगळं तसंच ओलं मिटावं लागलं. पॉप-अपमध्ये हे होणारच. ते मान्य करूनच परतीला लागलो.

घरी पोचल्यावर मिलिंदने उत्साहाने कुकर काढला. "आजही मीच करतो."

"तू बस रे, गाडी चालवून दमलायस," सासूबाई म्हणाल्या. "वैशाली टाकेल खिचडी."

"आजी, दॅट्स सो नॉट फेअर!"

"अगं, हे घर आहे."

मी खिचडी टाकली आणि ती शिजेपर्यंत सहकाऱ्याला फोन करून ट्रेलर नको म्हणून सांगितलं. मिलिंदला वाटलं, त्याचा ट्रकचा मुद्दा पटला. वाटू दिलं. सासूबाईंचं मत बदलायच्या भानगडीत मी पडणार नव्हते. स्वयंपाकघराची चौकट नसेल तिथे त्यांचा नियम नव्हता. तेवढं मला पुरे होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही जुना पॉप-अप विकत घेतला. आतल्या शेगडीच्या जागी मी पहिल्याच दिवशी चपलांचा खोका ठेवला. आता तिथे अन्न शिजवायला सासूबाईच कुणाला परवानगी देणार नाहीत.